मेन डोअरचं हँडल आवळलं तरी आठवड्यात परत डगडगतं, काय करावं?

कोलशेतवासी

ठाण्यात घोडबंदर रोडला फ्लॅट आहे. मेन डोअर म्हणजे फ्लश डोअर, दोन्ही बाजूंनी सनमायका, जाडी मोजली ती ३५ मिमी. त्यावर लांब प्लेटचं मॉर्टिस हँडल आहे, म्हणजे लॉक दाराच्या कडेत खाच पाडून आत बसवलेलं. वर हँडल, खाली चावीचं भोक, दोन्ही एकाच प्लेटमध्ये.

बाहेरच्या बाजूची प्लेट वरच्या टोकाला सुटलीय. हँडल दाबलं की प्लेटही हलते. वरचे दोन स्क्रू नुसते गोल फिरतात, आवळत नाहीत. खालचे दोन घट्ट आहेत. स्क्रू काळे, साधारण इंचभर लांब. काडेपेटीच्या काड्या घालून एकदा आवळून पाहिलं, आठ दिवस टिकलं.

प्रश्न असे:
१. भोक कशाने भरावं म्हणजे टिकेल?
२. अख्खं हँडल बदलावं लागेल का?
३. सुताराशिवाय रविवारी घरी होण्यासारखं आहे का? ड्रिल मशीन आहे.

अजून एक, संबंध आहे की नाही ठाऊक नाही. लॅच (दार लावल्यावर चौकटीत अडकणारी जीभ) बसायला दार थोडं वर उचलून ओढावं लागतं. पावसाळ्यात जास्तच.

---

पेचकस

घरी होण्यासारखं आहे. हँडल बदलायची गरज बहुधा नाही. पण आधी नेमकं काय हलतंय ते बघा, कारण "हँडल हलतं" ही एकच तक्रार तीन वेगवेगळ्या कारणांनी येते आणि तिन्हींचे उपाय वेगळे.

दार उघडं ठेवून एका हाताने प्लेट दाराशी घट्ट दाबून धरा, दुसऱ्या हाताने हँडल हलवा.

प्लेट दाबून धरल्यावर हँडल स्थिर झालं, तर दोष प्लेटच्या स्क्रूचा. तुमचं हेच दिसतंय.

प्लेट स्थिर आहे पण हँडल आतबाहेर किंवा वरखाली खेळतंय, तर हँडलच्या मानेखाली एक बारीक बिनडोक्याचा स्क्रू असतो, ग्रब स्क्रू म्हणतात, तो ढिला झालाय. तो ॲलन कीने आवळतात. एम ६ ला, म्हणजे ६ मिमी जाडीच्या स्क्रूला, ३ मिमीची की लागते, एम ५ ला अडीच आणि एम ४ ला २ मिमीची. अडीचच्या जागी २ ची की घालून जोर लावू नका, आतले कोपरे गोल झाले की स्क्रू काढणं मोठं काम होऊन बसतं. काही हँडलांना ग्रब स्क्रू नसतो, आतून रिंग असते. ती झिजली असेल तर मात्र हँडल बदलायचं.

तिसरं म्हणजे दाराच्या कडेला लॉकची जी उभी धातूची पट्टी दिसते तीच हलतेय. मग लॉकचं घर खाचेत ढिलं आहे. कडेचे वरचा-खालचा असे दोन स्क्रू बघा. चावीचा सिलिंडरही हलत असेल तर त्याच कडेला, सिलिंडरच्या उंचीवर, एक लांब एम ५ स्क्रू असतो, तो आवळा. तोच सिलिंडरला धरून ठेवतो. फार पिळू नका, सिलिंडर दाबला जाऊन चावी जड फिरते.

आता तुमच्या भोकांबद्दल. बाहेरची प्लेट लाकडाच्या स्क्रूवर टांगलेली असेल तर ती कधी ना कधी सुटणारच. रोज हँडल खाली दाबलं जातं तेव्हा प्लेटचं वरचं टोक दारापासून बाहेर ओढलं जातं. म्हणजे वरचे स्क्रू दर वेळी थोडे उपटले जातात. खालचे दाबले जातात, म्हणून ते घट्ट राहिलेत. यावर पक्का उपाय एकच, आरपार बोल्ट. आतली आणि बाहेरची प्लेट एकमेकींना धरतात, मधलं लाकूड फक्त चिमटीत राहतं. हार्डवेअरच्या दुकानात "मॉर्टिस हँडलचे मेल-फीमेल स्क्रू" मागा. एका बाजूला आतून आटे असलेली नळी, दुसऱ्या बाजूला बोल्ट. तुमच्या ३५ मिमी दाराला दोन्ही प्लेटची जाडी धरून साधारण ४० ते ४५ मिमी लांबीचा संच लागेल. प्लेट बरोबर घेऊन जा, भोकात डोकं नीट बसतंय ना ते दुकानातच बघा. चार स्क्रूंपैकी निदान वरचे दोन तरी आरपार करा.

नळीचं गुळगुळीत डोकं बाहेरच्या बाजूला आणि पेचकस लावायची बाजू घराच्या आत, हे उलटं करू नका. मेन डोअर आहे. बाहेरून स्क्रू उघडता आले तर लॉक कितीही भारी असलं तरी उपयोग नाही.

---

वागळे_इस्टेट

एवढं कशाला. एम-सील भरा, वाळल्यावर स्क्रू मारा. दगडासारखं होतं.

---

पटाशी

दगडासारखं होतं हेच तर दुखणं. एम-सील स्वतः पक्कं असतं, पण भुसभुशीत भोकाच्या भिंतीला ते फक्त वरवर धरतं. दोन महिन्यांनी स्क्रूसकट अख्खा गोळा खुंटीसारखा बाहेर येतो आणि मग १० मिमीचा खड्डा उरतो. शिवाय त्यात पायलट भोक, म्हणजे स्क्रूपेक्षा बारीक भोक आधी, न पाडता स्क्रू मारला तर गोळा तडकतो. धातूचा पाइप किंवा टाकी गळत असेल तर एम-सील हाताशी असावंच, दाराच्या स्क्रूला नाही.

भोक कशाने भरायचं हे दाराच्या पोटात काय आहे त्यावर ठरतं. बाहेरून सगळी फ्लश डोअर सारखीच दिसतात. स्क्रूच्या भोकात हाताने ३ मिमीचं ड्रिल बिट फिरवा आणि काय बाहेर येतं ते बघा.

लांबट तंतू, कुरळी साल आली तर आत लाकडी पट्ट्या आहेत. इथे काड्यांचा उपाय चालतो, पण नीट केला तर. काडेपेटीच्या काड्या मऊ असतात, त्यांचा चुरा होतो. त्यापेक्षा बांबूची काडी घ्या, टूथपिक किंवा अगरबत्तीची मसाला नसलेली टोकं चालतात. भोक आधी कोरडं साफ करा. जुना भुसा आणि गंज आत राहिला तर गोंद त्यालाच चिकटतो, लाकडाला नाही. फेविकॉल काडीने आतपर्यंत चोळा, काड्याही बुडवा, मावतील तेवढ्या ठोकून बसवा, बाहेर आलेलं ब्लेडने सपाट कापा. मग थांबा. पावसाळ्यात पूर्ण २४ तास. तुमचं आठ दिवसांत सुटलं ते बहुतेक इथेच चुकलं असणार, ओल्यात किंवा बिनगोंदाच्या काड्यांत स्क्रू मारला असेल. वाळल्यावर मधोमध अडीच मिमीचं पायलट भोक, आणि मगच ८ नंबरचा स्क्रू.

तपकिरी पीठ, चुरा आला तर आत पार्टिकल बोर्ड आहे. इथे काड्या, गोंद, अराल्डाइट काहीच फार टिकत नाही. स्क्रू ज्याला धरतो तो चुराच सुटा झालेला असतो. पेचकस म्हणतात तसं आरपार बोल्टच.

बिट एकदम आत घुसलं तर मध्ये पोकळी आहे. तिथे आरपार बोल्ट आवळताना सनमायका आत दबतो. अशा ठिकाणी १० मिमीचं भोक करून १० मिमीची लाकडी गोल खुंटी दाराच्या जाडीइतकी कापून गोंदाने बसवायची, वाळू द्यायची आणि त्या खुंटीच्या मधून बोल्ट काढायचा. खुंटी दाब सोसते. नुसत्या खुंटीत लाकडाचा स्क्रू मारून काम भागेल असं समजू नका. तो स्क्रू खुंटीच्या तंतूंना समांतर जातो, आणि लाकूड तशा दिशेने स्क्रूला कमी धरतं. आडव्या तंतूत तोच स्क्रू कितीतरी घट्ट बसतो.

ते काळे स्क्रू जिप्समच्या छतासाठी असतात. स्वस्त, टोकदार आणि झटकन घुसतात म्हणून हल्ली सगळीकडे तेच मारलेले दिसतात. पण ते ठिसूळ. आडवा झटका बसला की मुंडी तुटते आणि उरलेला तुकडा आत राहतो. हँडलला आणि बिजागरीला ते नकोतच.

---

ऐरोली_खाडीकाठ

स्क्रूवरून आठवलं. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, सीवूड्स अशा खाडीजवळच्या घरांत साधे लोखंडी स्क्रू गंजतात. गंज फुगतो, आजूबाजूचं लाकूड काळं पडून कुजतं, मग भोक सैल. ३०४ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू घ्या. पितळी चालतात पण मऊ असतात, कडक लाकडात थेट पिळले तर मान तुटते. आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू घालून आटे पाडून घ्या, तो काढा, मग पितळी बसवा. स्क्रूला मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासला की सहज जातो. साबणापेक्षा मेण बरं, साबण ओलावा धरतो.

---

रंधा_आणि_कानस

वरचं सगळं बरोबर आहे, पण मूळ प्रश्नातली शेवटची ओळ सगळ्यांनी सोडून दिली. "दार थोडं वर उचलून ओढावं लागतं." रोग तिथे आहे, हँडल हे लक्षण.

मॉर्टिस हँडल फक्त लॅच मागे ओढण्यासाठी असतं. त्याचा उपयोग ३५–४० किलोचं दार उचलायला होत असेल तर कुठलाही स्क्रू हरणार. आरपार बोल्ट लावलात तर प्लेट सुटणार नाही, पण तो जोर मग दोन्ही हँडलांना जोडणाऱ्या आतल्या चौकोनी दांडीवर आणि लॉकच्या घरावर जाईल. प्लेटचे स्क्रू बदलणं सोपं आहे, लॉक बदलणं खर्चाचं.

दार उतरलंय का ते मोजून सांगा. चार मापं हवीत:

– दार बंद असताना वरच्या चौकटीशी असलेली फट, बिजागरीच्या टोकाला आणि कुलपाच्या टोकाला.
– कुलपाच्या बाजूची उभी फट, अगदी वर आणि अगदी खाली.

चांगल्या बसलेल्या दाराला सगळीकडे साधारण ३ मिमी फट असते. मोजपट्टी आत जात नसेल तर एक रुपयाची दोन नाणी एकावर एक धरा, जवळपास तेवढीच जाडी होते.

मग लॅचच्या जिभेला खडू फासा, दार हळूच चौकटीपर्यंत आणा आणि स्ट्राइक प्लेटवर (चौकटीवरची पट्टी, जिच्या भोकात लॅच शिरतो) खुणा कुठे उमटल्या ते बघा. कुंकू लावू नका. खूण छान दिसते, पण चौकटीच्या पॉलिशवरचा डाग जात नाही.

शेवटी दार अर्धं उघडून, कुलपाच्या बाजूने दोन्ही हातांनी वर उचलून बघा आणि नजर वरच्या बिजागरीवर ठेवा. तिथे पातं चौकटीपासून किंवा दारापासून हलताना दिसलं की काय ते कळेलच.

---

कोलशेतवासी

मोजलं. वरची फट बिजागरीकडे ३ मिमी, कुलपाकडे साडेचार. कुलपाची उभी फट वर जेमतेम १, खाली साडेचार. खडूची खूण स्ट्राइक प्लेटच्या भोकाच्या खालच्या काठावर, साधारण दीड मिमी खाली.

दार उचललं की वरच्या बिजागरीचं चौकटीकडचं पातं हलतं. तिच्या चार स्क्रूंपैकी दोन नुसते फिरतात. बिजागऱ्या तीन आहेत, ४ इंची. चौकट लाकडी आहे.

हँडलच्या भोकातून तपकिरी चुराच आला.

---

रंधा_आणि_कानस

मापं एकमेकांशी जुळतात, म्हणजे निदान पक्कं. तुमच्या वरच्या आणि खालच्या बिजागरीत साधारण दीड मीटर अंतर असेल, दार ९० सेंमी रुंद. या हिशेबाने वरची बिजागरी १ मिमी बाहेर आली की कुलपाची बाजू ०.६ मिमी खाली येते. दीड मिमी खाली आलीय, म्हणजे वरची बिजागरी अडीच मिमीच्या आसपास सुटलीय. उभ्या फटीत वरखाली साडेतीन मिमीचा फरक पडलाय, तोही त्याच हिशेबात बसतो.

म्हणून आधी बिजागरी, मग हँडल. उलट क्रमाने केलंत तर काम दोनदा.

बिजागरीचं काम असं:

दार अर्धवट उघडून कुलपाच्या टोकाखाली पाचर सरकवा. घरात लाकडाची पाचर नसेल तर घडी घातलेली वर्तमानपत्रं चालतील. पाचर एवढीच ठोका की दाराचं वजन तिच्यावर येईल आणि वरचं पातं चौकटीच्या खाचेत परत बसेल. एकाच वेळी सगळे स्क्रू काढायचे नाहीत. दार खाली आलं तर पायावर येईल आणि मधली बिजागरीही वाकेल. जे दोन घट्ट आहेत त्यांना आत्ता हात लावू नका.

फिरणारा एक स्क्रू काढा. त्याची लांबी बघा, बहुधा २५ मिमीच्या आसपास निघेल. चौकटीच्या बाजूला त्याच जागी ८ नंबरचा ५० मिमी लांब स्क्रू घाला. जुन्या भोकाच्या पुढे ३ मिमीच्याच बिटने पायलट पाडा, त्याहून जाड नको. खोली चुकू नये म्हणून बिटला ४५ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळा. लांब स्क्रू जुन्या सैल भोकाच्या मागच्या ताज्या लाकडात जातो, म्हणून बहुतेक वेळा भोक भरायचीही गरज पडत नाही. यापेक्षा लांब, ७५ मिमीचे वगैरे घेऊ नका. चौकटीची जाडी संपली की टोक प्लास्टरमध्ये जातं, स्क्रू अडतो आणि मुंडी बाहेर राहते.

आणि "जाड घालू म्हणजे घट्ट बसेल" म्हणून १० नंबर नको. त्याची मुंडी बिजागरीच्या खड्ड्यात पूर्ण बसत नाही. दोन पाती मिटताना मुंड्या एकमेकींवर टेकतात, दार शेवटच्या इंचाला स्प्रिंगसारखं परत उघडतं, आणि दर वेळी तुम्ही ढकलाल तेव्हा स्क्रू थोडे उपटले जातात. पुन्हा तेच चक्र.

दुसरा फिरणारा स्क्रूही तसाच. मग उरलेल्या दोघांना हाताने पाव-पाव आटा आवळा. ड्रिल मशीनने शेवटपर्यंत पिळू नका, लाकडात आटा तुटतो तेव्हा मशीनला कळत नाही, हाताला कळतं.

दाराच्या बाजूचं पातंही तपासा. तिथे ५० मिमी चालणार नाही असं नाही, स्क्रू दाराच्या कडेतून रुंदीच्या दिशेने जातो, त्यामुळे जागा असते. पण मधोमध सरळ जायला हवा. ३५ मिमीच्या कडेत तिरका गेला तर टोक सनमायकातून बाहेर डोकावतं.

एवढं करून पाचर काढा आणि तीच चार मापं परत घ्या. अजून अर्धा-पाऊण मिमी उतरलेलं राहिलं तर खालच्या बिजागरीच्या चौकटीकडच्या पात्यामागे पुठ्ठा घाला. व्हिजिटिंग कार्डाची जाडी साधारण ०.३ मिमी, तीन कार्डं म्हणजे जेमतेम १ मिमी, त्याने कुलपाची बाजू ०.६ मिमी वर येते. लक्षात ठेवा, वरच्या नाही, खालच्या बिजागरीमागे. वरच्या मागे पुठ्ठा घातलात तर दार आणखी उतरेल.

---

पटाशी

+१. यात एकच भर. लॅच तरीही किंचित खाली लागला तर स्ट्राइक प्लेटचं भोक कानशीने खालच्या बाजूला घासा. एक-दीड मिमीपर्यंत ठीक. त्याहून जास्त लागत असेल तर बिजागरीचं काम अर्धवट राहिलंय असं समजा, प्लेट कोरत बसू नका.

आणि पावसाळ्यात दाराची कड रंध्याने काढू नका, कितीही घासत असलं तरी. जुलैत दमट हवेने दार फुगलेलं असतं. तेव्हा २ मिमी काढलं की डिसेंबरात तिथे बोट जाईल एवढी फट दिसते. थंडीत, दार पूर्ण वाळल्यावरही घासत असेल तरच रंधा. त्यापेक्षा एक काम करा. आरसा धरून दाराची वरची कड आणि खालची कड बघा. बसवताना या दोन कडा अनेकदा कोऱ्याच सोडलेल्या असतात, कारण त्या कोणाला दिसत नाहीत. दार पाणी पितं ते तिथून. वरच्या कडेला मेलामाइन पॉलिश किंवा साधा ऑइल पेंट, दोन हात. खालच्या कडेसाठी दार उतरवावं लागतं, ते पुन्हा कधी उतरेल तेव्हा.

---

कोपरखैरणे_जुनं_घर

मध्येच विचारतो. आमच्याकडे सिडकोचं जुनं घर, मॉर्टिस लॉक नाही, अल्ड्रॉप आहे. त्याची दांडी खालीवर खडखडते आणि कोयंड्याशी जुळत नाही. इथेही बिजागरीच का?

---

रंधा_आणि_कानस

आधी तेच बघा, हो. बिजागरी ठीक असेल तर अल्ड्रॉपचे बोल्ट. अल्ड्रॉप लाकडाच्या स्क्रूवर नसावाच, आरपार बोल्टवर हवा. बाहेरून गोल मुंडीचे, मुंडीखाली चौकोनी मान असलेले बोल्ट, ६ मिमीचे. मान लाकडात रुतते, त्यामुळे बाहेरून पाना लावून फिरवता येत नाही. आत मोठं वायसर आणि नट. वायसर नसेल तर नट लाकडात रुतत जातो आणि अल्ड्रॉप सैल होतो, बहुतेक खडखडाट त्याचाच असतो. दोन नट एकावर एक आवळले की सुटत नाहीत.

दांडी आणि तिला धरणारं कडं दोन्ही झिजलं असेल तर आवळून काही होणार नाही, नवा अल्ड्रॉप. घेताना दांडीची लांबी आणि जाडी मोजून न्या. भोकांची जागा जुन्याशी जुळली तर निम्मं काम वाचतं.

---

पेचकस

कोलशेतवासी, बिजागरी झाली की हँडलसाठी हा क्रम. दाराच्या पोटात चुरा निघालाय, म्हणजे आरपार बोल्टला पर्याय नाही.

दार उघडं ठेवा आणि पाचर मारा. काम संपेपर्यंत दार लोटायचं नाही. दांडी काढलेली असताना वाऱ्याने दार बंद झालं तर लॅच आत अडकतो आणि आतूनही उघडत नाही. घरात एक माणूस आत असू द्या आणि चावी खिशात ठेवा.

आतली प्लेट काढा, मग चौकोनी दांडी, मग बाहेरची प्लेट. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. दांडी बहुतेक ८ मिमीची चौकोनी असते. तिच्यावर स्प्रिंग किंवा बारीक खिट्टी असेल तर ती कुठल्या बाजूला होती ते फोटोत दिसायला हवं.

आता भोकातून टॉर्च मारून लॉकचं घर किती वर आलंय ते बघा. वरचे स्क्रू घराच्या वर असतील तर सरळ आरपार जा. घराच्या आड येत असतील तर थांबा, लॉकच्या पत्र्यात ड्रिल घालू नका, आतली स्प्रिंग गेली की लॉक गेलं. बऱ्याच लॉकांच्या घरालाच दांडीच्या वरखाली बोल्ट जाण्यासाठी तयार भोकं असतात. प्लेटची भोकं त्यांच्याशी जुळत असतील तर तिथून जा, नसतील तर लॉकशी जुळणारी प्लेट आणा.

आरपार जाताना एका बाजूने पूर्ण जाऊ नका. सनमायका दुसऱ्या बाजूने टवका उडवून फुटतो. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, प्लेट धरून टोच्याने खूण करा, ३ मिमीने दोन्हीकडून निम्मं-निम्मं पाडा. मधे एक मिमी इकडेतिकडे झालं तरी चालतं, पुढच्या बिटने सरळ होतं. मग नळीची बाहेरची जाडी मोजून तेवढ्याच मापाच्या बिटने मोठं करा. मशीन साध्या ड्रिलवर ठेवा, हातोडीची खूण असलेल्या सेटिंगवर नाही. लाकडात हॅमर लावला की भोक वेडंवाकडं होतं.

टॉवरमधलं दार आहे म्हणून विचारतो, कडेला बिजागरीच्या बाजूला अग्निरोधक असल्याचं लेबल आहे का? असेल तर नवी भोकं पाडू नका, सोसायटीला विचारून त्या दाराच्या मंजूर फिटिंगनेच करून घ्या.

बोल्ट आवळताना वरचा पाव आटा, खालचा पाव आटा, आणि दर वेळी हँडल दाबून बघा.

---

कोलशेतवासी

लेबल नाही, बघितलं. बिजागरी कालच झाली, ५० मिमीचे दोन स्क्रू. आता वरची फट दोन्हीकडे ३ च्या आसपास, लॅच न उचलता बसतो. हँडलला वरचे दोन बोल्ट आरपार टाकले, प्लेट हलत नाही.

पण एक नवीन भानगड. बोल्ट पूर्ण आवळले की हँडल दाबल्यावर परत वर येत नाही, अर्ध्यावर राहतं. थोडे ढिले केले की नीट येतं. स्प्रिंग गेली का?

---

पेचकस

स्प्रिंग गेलेली नाही. ढिलं केल्यावर परत येतंय म्हणजे काहीतरी चेपतंय. तीन गोष्टी बघा, याच क्रमाने.

एक, नळी आणि बोल्ट आत एकमेकांना टेकून थांबतायत का. बोल्ट लांब असेल तर तो नळीच्या तळाला लागतो आणि तुम्हाला वाटतं आवळलं, पण तेव्हा प्लेट ढिली राहते. तुमचं उलट आहे, प्लेट चेपतेय, म्हणून हे बहुधा नाही. तरी बघा.

दोन, चौकोनी दांडी लांब असेल तर ती दोन्ही हँडलांच्या तळाला टेकते आणि दोघांना बाहेर ढकलते. दांडी काढून एक-दोन मिमी कानशीने घासा. टोकाची धारही मोडा.

तीन, आणि हेच असण्याची शक्यता जास्त. दोन्ही प्लेटची दांडीची भोकं समोरासमोर नाहीत. तुम्ही फक्त वरचे दोन आरपार केलेत, खालचे जुने लाकडी स्क्रू तसेच आहेत. ते बाहेरच्या प्लेटला जुन्याच, थोड्या तिरप्या जागी धरून ठेवतात आणि वरचे बोल्ट तिला नव्या जागी ओढतात. प्लेट पिळली जाते, दांडी तिरपी होते, घासते. खालचे स्क्रू दोन्हीकडे ढिले करा, वरचे बोल्ट आवळा, हँडल चालतंय का बघा. चाललं तर खालचेही आरपारच करून टाका. तोपर्यंत ते न आवळलेले राहिले तरी चालेल, खालच्या टोकावर तसाही फारसा जोर नसतो.

नीट चालायला लागल्यावर बोल्टच्या आट्यांना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (आटे सुटू नयेत म्हणून लावायचा गोंद), निळं, एक थेंब. नसेल तर नेलपॉलिशचा थेंब चालतो. लाल थ्रेडलॉक नको, ते गरम केल्याशिवाय सुटत नाही आणि दाराशेजारी हीटगन कोण लावणार.

मग दार उघडं असतानाच चावीने मोठा बोल्ट दहा वेळा बाहेर-आत करा, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून. अडत नसेल तरच दार लावा. चावी जड वाटली तर सिलिंडरमध्ये खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू नका, धूळ धरून त्याचा चिखल होतो. शिसपेन्सिलचं शिसं कागदावर घासून ती पूड चावीला लावा आणि चावी चार-पाच वेळा फिरवा.

---

कोलशेतवासी

तिसरंच होतं. खालचे ढिले केल्याबरोबर हँडल टणकन वर आलं. खालचे दोन बोल्ट आणायला जातोय, लांबी तीच, ४५.